१३ मिलीवॅट आणि १० किलोमीटर हवा

बेळगाव शहरातल्या एखाद्या उंच गच्चीवरून पूर्वेला, सांबऱ्याकडे तोंड करून एक डिश लावायची. सांबऱ्यातल्या घराच्या गच्चीवर तिच्याकडे बघणारी दुसरी लावायची आणि तिची वायर जिन्यातून खाली आणून बैठकीतल्या राऊटरला जोडायची. घरात इंटरनेट सुरू. फायबर जिथे पोचलेलं नाही तिथे ही सोय आता इतकी रुळली आहे की तिचं कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र तिच्या पोटातल्या आकड्यांचं नवल अजून ओसरलेलं नाही. ते आकडे एकदा नीट पाहिले, तर लिंक बसवताना नेमकं कुठे चुकतं हेही आपोआप कळू लागतं.

सांबरा हे नाव बाहेरच्यांना विमानतळामुळे माहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी वैमानिक तयार करायला ब्रिटिश हवाई दलाने ही धावपट्टी बांधली. पुढे भारतीय हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल इथेच आलं. विमानं आली तेव्हाच रेडिओ आला, म्हणजे या माळावरच्या हवेला रेडिओलहरी ऐंशी वर्षांपासून ओळखीच्या आहेत. फरक इतकाच की तेव्हा त्या वैमानिकाच्या कानातल्या हेडफोनसाठी होत्या आणि आता बारावीच्या पोराच्या ऑनलाइन फॉर्मसाठी आहेत.

हिशोबासाठी दोन गच्च्यांमधलं सरळ अंतर १० किलोमीटर धरू. लहर ५.८ गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५८० कोटी आंदोलनं. एका लहरीची लांबी जेमतेम ५.२ सेंटिमीटर. डिश दोन्हीकडे ४० सेंटिमीटर व्यासाच्या. बेळगावच्या टोकाला रेडिओ हवेत सोडतो ती ताकद धरू १३ मिलीवॅट. घरातला साधा राऊटर १०० मिलीवॅटच्या आसपास सोडतो, त्याच्या एक सप्तमांशाहून थोडी कमी.

एवढ्याशा ताकदीत १० किलोमीटर? डिशमुळे. ती सगळीकडे पसरणारी ऊर्जा गोळा करून एका बाजूला झोत टाकते. ४० सेंटिमीटरची चांगली डिश समोरच्या दिशेला साधारण ३१६ पट जोर देते, त्यामुळे सांबऱ्याच्या दिशेपुरते हे १३ मिलीवॅट ४ वॅटसारखे वागतात. सांबऱ्याची डिशही येणारी लहर तशीच ३१६ पट चांगली पकडते. दोन्ही मिळून झाले १ लाख पट. ही लाख पट पदरात नसती, तर १० किलोमीटरवर मूळ ताकदीचा ५.९ लाख कोटींपैकी एक भाग हाती लागला असता. ती आहे, म्हणून ५.९ कोटींपैकी एक भाग लागतो.

तो एक भाग किती? ०.२२ नॅनोवॅट. एका वॅटचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाचा सुमारे पाचवा हिस्सा. ही ऊर्जा एका ग्रॅम पाण्यात सतत सोडत राहिलो आणि त्यातली जराही वाया गेली नाही, तरी ते चमचाभरही नसलेलं पाणी एक अंश सेल्सिअसने तापायला सहाशे वर्षांहून जास्त काळ लागेल. विजयनगरच्या काळात सुरू केलं असतं तर आत्ता कुठे पुरं होत आलं असतं. त्याच ऊर्जेवर सांबऱ्यात व्हिडिओ चालतो.

रेडिओच्या पानावर हा आकडा ‘वजा ६७’ असा दिसतो. मोजमाप डेसिबलचं आहे, आणि ते पोटात उतरवून घेतल्याशिवाय लिंक लावायला जाऊ नये. दर १० अंकांना ताकद दहापट बदलते, दर ३ अंकांना दुप्पट किंवा निम्मी होते. वजा ६७ वरून वजा ७७ म्हणजे ‘थोडं कमी’ नव्हे, एक दशांश. वजा ७० म्हणजे निम्मं. गच्चीवर एक जण नट सैल करून डिश केसभर फिरवतो, दुसरा मोबाइलवर आकडे वाचून दाखवतो: “अठ्ठ्याहत्तर... चौऱ्याहत्तर... एकोणसत्तर... थांब, पुढं गेला, जरा मागं घे.” त्या दोघांच्या मधल्या प्रत्येक शब्दात ताकद दुपटीतिपटीने चढत-उतरत असते.

इथे एक फसवणूक दबा धरून बसलेली असते. डिशचा मुख्य झोत साधारण ९ अंश रुंद असतो. १० किलोमीटरवर १ अंश म्हणजे १७५ मीटर, तेव्हा झोताची रुंदी सांबऱ्यावर दीड किलोमीटरच्या वर भरते. सोपं वाटतं. पण मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना बारीक पाकळ्या असतात, आणि त्या पाकळीवरही आकडा चढतो, शिगेला पोचतो, मग उतरतो. नवखा माणूस तिथेच नट आवळून खाली उतरतो. त्या पाकळीची ताकद मुख्य झोताच्या शंभराव्या हिश्श्याइतकी असू शकते. म्हणून शिग सापडली तरी डिश दोन्ही बाजूंना भरपूर फिरवून बघायची, आणि आधी कागदावर काढलेला आकडा हाती आलाय का ते ताडायचं. वजा ६७ यायला हवं असताना वजा ८५ येतंय तर ‘ठीक आहे, चालतंय’ म्हणायचं नाही.

आता आणखी खोलात जाऊ. रेडिओलहर शेवटी ऊर्जेच्या अविभाज्य कणांनी, फोटॉननी, बनलेली आहे. ५.८ गिगाहर्ट्झचा एक फोटॉन इतका क्षुल्लक असतो की ते ०.२२ नॅनोवॅटसुद्धा भरायला सेकंदाला ५७ लाख कोटी फोटॉन लागतात. लिंक सेकंदाला २७ कोटी बिट नेत असेल, तर एका बिटच्या वाट्याला सुमारे २ लाख फोटॉन येतात. एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’ सांगायला दोन लाख कण. ही चैन नाही, गरज आहे, कारण हवेत, डिशमध्ये, रेडिओच्या स्वतःच्या तारांमध्ये उष्णतेची कुजबुज अखंड चालू असते. ४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही कुजबुज आणि रेडिओची स्वतःची भर मिळून आपल्या सिग्नलच्या तीनशेव्या हिश्श्याइतकी भरते. म्हणजे आपला आवाज गोंगाटाच्या तीनशे पट. या कामाला तेवढं जेमतेम पुरतं.

याहून कमीवर काम भागवणारं यंत्र तुमच्या खिशातच आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतात आणि मोबाइलपर्यंत त्यांची जी ताकद पोचते ती असते ०.०००००००००००००००१ वॅटच्या घरात. एकावर सोळा शून्यं असलेल्या संख्येने एका वॅटला भागायचं. तेच एक ग्रॅम पाणी या ऊर्जेवर एक अंश तापवायला सव्वाशे कोटी वर्षांहून जास्त लागतील. हा सिग्नल गोंगाटाच्या वर नाही, खाली असतो, कितीतरी पट खाली. मोबाइल तो शोधतो कारण उपग्रह १,०२३ खुणांचा एक ठरावीक क्रम सेकंदाला हजार वेळा म्हणत असतो आणि मोबाइलला तो क्रम तोंडपाठ असतो. पाठ असलेल्या गोष्टीची बेरीज करत गेलं की गोंगाट आपसात कटतो आणि क्रम वर येतो.

आणि खगोलशास्त्रज्ञांकडे गेलात तर आपली सांबऱ्याची डिश राक्षसी ठरते. आकाशातल्या रेडिओ-स्रोतांचं माप ‘जान्स्की’. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला वॅटचा इतका भाग, की छेदात एकावर २६ शून्यं. नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, हजारांश जान्स्कीच्या आणि त्याहून क्षीण स्रोतांचा मागोवा घेते. आपली १३ मिलीवॅटची डिश समजा चंद्रावर ठेवली आणि पृथ्वीकडे वळवली, तर इथून ती ५ जान्स्कीहून तेजस्वी दिसेल. (जीएमआरटी ५.८ गिगाहर्ट्झ ऐकत नाही, पण माप तेच.) ही दुर्बीण उभारणाऱ्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी तिच्यासाठी रेडिओ-शांत जागा शोधण्यावर एवढा भर का दिला, ते या एका आकड्यावरून समजतं.

सांबऱ्याकडे परत येऊ. ही २७ कोटी बिटची धार हवेतून कशी जाते ते बघण्यासारखं आहे. ४० मेगाहर्ट्झचा पट्टा रेडिओ १०८ कामकरी लहरींमध्ये वाटतो. प्रत्येक लहर दर ४ मायक्रोसेकंदांना एक चिन्ह उच्चारते आणि प्रत्येक चिन्ह ६४ पर्यायांमधलं एक असतं. एक धार उभ्या ध्रुवणात, एक आडव्या ध्रुवणात, एकाच डिशमधून दोन्ही एकदम. गुणाकार केला तर सेकंदाला ५ कोटी ४० लाख चिन्हं, आणि पलीकडच्या रेडिओने प्रत्येक वेळी ६४ मधलं नेमकं ओळखायचं. तेही त्या ०.२२ नॅनोवॅटमधून. थोडं चुकणार हे गृहीत धरून दर सहा बिटांमागे एक बिट दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला असतो.

प्रकाशाच्या वेगाने निघालेली लहर बेळगावहून सांबऱ्याला ३३ मायक्रोसेकंदांत पोचते. त्या वेळात रेडिओ ९,००० बिट सोडतो. म्हणजे कुठल्याही क्षणी मधल्या हवेत, मुतग्याच्या शिवारावरून, ९,००० बिट वाटेवर असतात. देवनागरीचं एक चिन्ह संगणकात २४ बिट घेतं, तेव्हा हा झाला ३७५ चिन्हांचा मजकूर, चार-पाच वाक्यांचा. एकेक बिट सरासरी १ मीटर १० सेंटिमीटर लांब. इंटरनेटचा नेहमीचा पूर्ण आकाराचा पॅकेट १२,००० बिटांचा असतो, त्याला रेडिओतून बाहेर पडायला ४४ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे पॅकेटचं डोकं सांबऱ्यात पोचतं तेव्हा शेपूट बेळगावच्या डिशमधून निघालेलंही नसतं.

या ३३ मायक्रोसेकंदांकडे दुर्लक्ष झालं की जो घोटाळा होतो, तो मी सीमाभागात सगळ्यात जास्त ऐकला आहे: “सिग्नल फुल्ल दाखवतंय, पण नेट रडतंय.” कारण असं. वाय-फायमध्ये प्रत्येक खेपेला पोचपावती लागते. पलीकडचा रेडिओ खेप मिळाल्यावर १६ मायक्रोसेकंद थांबून पावती सोडतो. पाठवणारा ठरावीक वेळ वाट बघतो आणि पावती आली नाही तर खेप हरवली असं समजून तीच पुन्हा पाठवतो. हा नियम घरासाठी लिहिला गेला. घरात १० मीटरवर लहरीची जा-ये ०.०७ मायक्रोसेकंदात होते, नगण्य. सांबऱ्याची जा-ये ६७ मायक्रोसेकंदांची, बरोबर हजारपट. घरगुती सबुरीवर चालणारा रेडिओ पावती वाटेत असतानाच धीर सोडतो, तीच खेप पुन्हा धाडतो, आणि ही दुसरी खेप येणाऱ्या पावतीच्या अंगावर आदळते. सिग्नल उत्तम, डिश अचूक, आणि वेग एक दशांश.

यावर उपाय म्हणजे सेटिंगच्या पानावरचा एक आकडा. कुठे त्याला ‘डिस्टन्स’ म्हणतात, कुठे ‘अ‍ॅक टाइमआउट’. तिथे १० किलोमीटर भरायचे, दोन्ही टोकांना, थोडा वाव ठेवून. “जास्तच टाकू, सेफ राहील,” म्हणून १०० किलोमीटर भरणारेही भेटतात. मग खरोखर हरवलेल्या प्रत्येक खेपेमागे रेडिओ ६६७ मायक्रोसेकंद हात बांधून बसतो. तेवढ्यात १५ पूर्ण पॅकेट गेले असते. बरेच रेडिओ आता हे अंतर स्वतः मोजतात, किंवा पावतीचा खेळ मोडून दोघांना बोलायची पाळी वाटून देतात. पाळीची पद्धत दोन्हीकडे एकच निवडलेली असेल तरच लिंक जुळते, एवढं ध्यानात ठेवायचं.

या सबुरीची परमावधी व्हेनेझुएलात झाली. एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अँडीज पर्वतातल्या एका शिखरावरून २७९ आणि २००७ मध्ये ३८२ किलोमीटरची वाय-फाय लिंक चालवून दाखवली. सांबऱ्याहून सरळ रेषेत मुंबई साधारण ४०० किलोमीटर, त्याच्या जवळपास. त्यांनी वापरलेल्या यंत्रांत होता लिंक्सिसचा निळा-काळा घरगुती राऊटर, लोकांच्या बैठकीत असायचा तोच, फक्त आतलं सॉफ्टवेअर बदललेला आणि मोठ्या डिशला जोडलेला. ३८२ किलोमीटरची जा-ये अडीच हजार मायक्रोसेकंदांहून जास्त. नेहमीच्या पोचपावतीच्या रीतीने तिथे निभणं कठीण. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी पाळीची पद्धत लिहिली आणि वेग दोन्ही दिशांना सेकंदाला सुमारे ३० लाख बिटांवर गेला. शिखरं लागली ती पृथ्वीच्या गोलाईमुळे: एवढ्या अंतरात मधली जमीन दोन किलोमीटरहून जास्त वर येते.

आपल्या १० किलोमीटरात ही गोलाई दीड-दोन मीटरच भरते. खरी अडचण झाडांची. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, तिला भोवती फुगीर मोकळी जागा लागते. मध्यावर या जागेची त्रिज्या ११ मीटरहून थोडी जास्त येते. सगळ्या फुगीर जागेचं घनफळ काढलं तर २७ लाख घनमीटर. किमान आतला साठ टक्के भाग, मध्यावर चहूबाजूंना सुमारे ७ मीटर, मोकळा हवा. डोळ्यांना समोरची गच्ची दिसली म्हणजे ‘लाइन ऑफ साइट’ मिळाली हा समज इथेच फसतो. मे महिन्यात लावलेली लिंक जुलैत लंगडू लागली की लोक पावसाला बोल लावतात. पावसाच्या सरी या लहरीला फारसा त्रास देत नाहीत. मधल्या आंब्याला पालवी फुटलेली असते, पानं भिजलेली असतात, आणि पाणी ही लहर पितं. म्हणून मनोरा आजच्या झाडावर बेतायचा नाही, पाच वर्षांनंतरच्या झाडावर बेतायचा. विमानतळाच्या परिसरात मात्र हवा तेवढा पाइप चढवून चालत नाही. उंचीला मर्यादा असतात, आणि बांधकामाआधी ना-हरकत दाखल्याची चौकशी करणं हे सांबऱ्यात इतर गावांपेक्षा जास्त महत्त्वाचं.

झाडांच्या बाबतीत पालघरचा अनुभव मोलाचा आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांपर्यंत इंटरनेट नेताना टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्यातल्या, अर्ध्या मीटरहून लांब लहरी वापरून पाहिल्या. लांब लहर पानांना कमी जुमानते. पुढे त्याच प्रकल्पात ५.८ गिगाहर्ट्झच्या लिंकही आल्या आणि २५ गावं जोडली गेली. मोझिलाच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या कामाला पहिला मान मिळाला. आपल्याकडच्या कामाची दखल बाहेर घेतली जाते आणि गावात त्याची माहितीही नसते, याचं मला वाईट वाटतं.

लहर आखूड केली तर उलट होतं. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटरच्या लहरी भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवली होती. आज ६० गिगाहर्ट्झचे, ५ मिलिमीटर लहरीचे रेडिओ गच्चीपासून गच्चीपर्यंत अफाट वेग देतात. पण हवेतला ऑक्सिजन नेमकी हीच लहर शोषतो. दर किलोमीटरला ताकद बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. दहा किलोमीटरला फक्त ऑक्सिजनमुळे एकावर १५ शून्यं इतकी घट. सांबऱ्याला ५ गिगाहर्ट्झच बरं.

त्यात जागाही आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना खुले केले. २.४ गिगाहर्ट्झचा जुना पट्टा फक्त ८३.५ मेगाहर्ट्झचा. पण सातपट जागा मिळाली म्हणून कुठलाही चॅनल दाबायचा नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या मधल्या भागात हवामानाची रडारं बोलतात. तिथले काही चॅनल घेतले तर बरेच रेडिओ आधी किमान मिनिटभर गप्प बसून ऐकतात आणि रडार आढळलं तर जागा सोडतात. नवखा माणूस त्या मिनिटाला ‘रेडिओ मेला’ समजून स्विच बंद-चालू करत राहतो, आणि दर वेळी ते मिनिट नव्याने सुरू होतं.

आता जिन्यातून खाली येऊ. वायर १०० मीटरच्या आत हवी. जिन्याखालच्या छोट्या अ‍ॅडाप्टरला दोन तोंडं असतात: ‘पीओई’ आणि ‘लॅन’. पीओईमधून वायरीवरच वीज वर रेडिओला जाते, बऱ्याच रेडिओंना २४ व्होल्ट. लॅनची पिन राऊटरच्या ‘वॅन’ तोंडात. घाईत उलटं झालं तर २४ व्होल्ट राऊटरच्या पोर्टमध्ये घुसतात. हे दोन शब्द वाचायला एक सेकंद लागतो.

आणि मग पत्त्यांचा प्रश्न. इंटरनेटचे जुने पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६. जगाच्या लोकसंख्येला अर्धेमुर्धे पुरतील एवढे. म्हणून १९९४ साली काही पत्ते खाजगी वापरासाठी बाजूला ठेवले गेले, की प्रत्येक घराने ते आपापल्या चार भिंतींत बिनधास्त वापरावेत. १९२.१६८ ने सुरू होणारे असे ६५,५३६. त्यातलाही १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता जगभर कोट्यवधी राऊटर आपला म्हणून सांगतात, आणि काही भांडण होत नाही, कारण घरं वेगळी. भांडण होतं ते आपल्या जिन्याखाली. वरून येणारं जाळंही १९२.१६८.१ चं आणि राऊटरच्या आतलं जाळंही १९२.१६८.१ चं, असं झालं की राऊटर बाहेरचा दरवाजा शोधायला निघतो आणि त्या पत्त्यावर तो स्वतःलाच सापडतो. दिवे सगळे हिरवे, लिंक ठणठणीत, १० किलोमीटरची हवा आपलं काम चोख करतेय, आणि नेट नाही. उपाय म्हणजे राऊटरच्या आतल्या पत्त्यातला एक अंक बदलायचा: १९२.१६८.१० करा, २० करा, २५६ पर्याय आहेत. रेडिओ ‘ब्रिज’वर ठेवायचा, म्हणजे त्याने फक्त वाट द्यावी, पत्ते वाटण्याचं काम राऊटरने एकट्याने करावं. दोघांनीही पत्ते वाटले तर कॅमेरे आणि व्हिडिओ कॉल अडखळतात. रेडिओचा स्वतःचा पत्ता मात्र वहीत लिहून ठेवायचा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तो सापडत नाही.

नव्या पद्धतीच्या पत्त्यांत ही टंचाईच नाही. त्यात एका घरगुती जाळ्याच्या वाट्याला १ लाख ८४ हजार कोटी कोटी पत्ते येतात. इथे कोटी हा शब्द दोनदा चुकून पडलेला नाही.

पासवर्डचंही एवढंच सांगतो. आपल्याकडे मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवायची रीत आहे. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंकी नंबर ४०० कोटी. एखाद्याने जोडणीची देवाणघेवाण हवेतून टिपून घेतली असेल, तर आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड पडताळतं. सगळे ४०० कोटी तासाभरात संपतात. इंग्रजी लहान अक्षरं आणि अंकांची बारा खुणांची कशीही जुळवलेली रांग ठेवली, तर त्याच वेगाने दीड लाख वर्षं.

शेवटी राऊटरची जागा. मोकळ्या हवेत ५.८ गिगाहर्ट्झची लहर पहिल्या १० मीटरमध्ये ५९ लाख पट क्षीण होते आणि उरलेल्या ९,९९० मीटरमध्ये फक्त १० लाख पट. पसरणं सुरुवातीलाच सर्वांत महाग पडतं. बाहेर ही तूट डिश भरून काढतात, घरात डिश नसते. वर सिमेंटची स्लॅब आली की ताकद आणखी शंभराव्या हिश्श्यावर. ही शंभरपट घट म्हणजे १० मीटरवरचा राऊटर उचलून १०० मीटरवर नेऊन ठेवण्यासारखी. म्हणून वरच्या खोलीत नेट चालत नाही अशी तक्रार आली, तर गच्चीवर चढून डिशला हात लावायचा नाही. आधी अ‍ॅडाप्टरच्या लॅनमध्ये लॅपटॉप लावून वेग मोजायचा. तिथे वेग पुरा मिळत असेल तर सांबऱ्यापर्यंतची सगळी हवा निर्दोष आहे, आणि राऊटर लोखंडी कपाटामागून काढून जिन्याच्या तोंडाशी, छातीच्या उंचीवर आणायचा आहे.